गादीतला पेंढा

मित्रांनो, मी एक म्हातारी शेळी आहे. मेलबर्नच्या बंदरात नांगरून पडलेल्या एका जुन्या जहाजावर राहते. आता दमले गं बाई! चार घास चावले तरी जबडा दुखतो.

इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून निघाले तेव्हा मी तरुण होते. कप्तानाच्या चहाला दूध हवं म्हणून मला घेतलं होतं. बाकी सगळी माणसं सोन्याच्या खाणींकडे निघालेली. समुद्र काही संपता संपेना. वारा पडला की जहाज जागच्या जागी डुलत राही.

वाटेत जोरी नावाच्या खाणकामगाराची बायको तापाने गेली. मागे तान्हा पेट्रॉक राहिला. तेव्हापासून माझं दूध त्याचं झालं. कप्तान कुरकुरत कोरा चहा पिऊ लागला. माझा चारा संपला तेव्हा प्रवाशांनी आपापल्या गाद्यांतला पेंढा मूठमूठ काढून मला घातला. कुबट होता अगदी! पण पोरासाठी खाल्ला.

एका सकाळी जमीन दिसली. जमीन दिसली की पेंढ्याच्या गाद्या समुद्रात फेकायच्या, ही या प्रवाशांची रीतच. जो तो नाचत फेकू लागला. सर्वांत आधी फेकली ती जोरीने! संधिवाताने आखडलेल्या म्हाताऱ्या पास्को काकांनी तेवढी आपली सोडली नाही.

"काय काका, सोन्याच्या देशात पेंढ्यावर निजणार का?" जोरी हसला.

"आधी पाय तर टेकू दे, शहाण्या!"

दुपारी वारा फिरला. जहाज पुन्हा खोल समुद्रात ढकललं गेलं. दिवसामागून दिवस गेले, बंदर काही हाती लागेना. उपाशीपोटी माझं दूध आटलं. पेट्रॉक रडून रडून निपचित पडला. जोरी माझ्यापुढे गुडघे टेकून म्हणाला, "थोडं तरी दे गं, माझे आई!" मी तरी कुठून देणार?

आचारी म्हणाला, "दूध नाही, तर हिचा रस्सा तरी होईल."

"हात लावून बघ!" पास्को काका ओरडले. त्यांनी चाकूने आपली गादी फाडली आणि सगळा पेंढा माझ्यापुढे ओतला. "खा, भवाने. एक काडी ठेवू नकोस."

दूध उतरलं. थेंब थेंब पिऊन पोर तगलं. काका मात्र उघड्या फळ्यांवर निजून असे आखडले, की बंदर आलं तेव्हा त्यांना उठताही येईना.

होड्या लागल्या. "चला, चला, सोनं संपेल!" करत सगळे उतरले. खलाशीसुद्धा पळाले. "उद्या येतो हं काका," म्हणून जोरी गेला, तो गेलाच. पुढे काका याच जहाजाची राखण करत राहिले. थंडीत माझ्या अंगाला टेकून निजत. गेल्या हिवाळ्यात तेही गेले.

मित्रांनो, सोनं मिळवा, खुशाल मिळवा. पण पोचलात की एकदा मागे वळून बघत जा. त्या दिवशी होडीतून मागे बघत होता तो एकटा पेट्रॉक. तोही बापाच्या खांद्यावर त्याचं तोंड आमच्याकडे होतं म्हणून.