रिकामी ओळ

"नाव येत नसेल तर ओळ रिकामी सोड. कोण बघतंय?" साहेब म्हणाले, आणि दातात अडकलेलं काहीतरी नखाने काढून त्यांनी माझ्याच टेबलाच्या कडेला पुसलं.

शी! त्या नखाची आणि त्या वाक्याची मला सारखीच किळस आली.

आमची कंपनी दवाखान्यांना बोर्ड करून देते. ज्याची पाळी आली त्याचं नाव आणि खोलीचा नंबर भिंतीवर झळकतो. आतला प्रोग्राम सी भाषेतला, साहेबांनी तरुणपणी लिहिलेला, म्हणून त्याला कुणी बोट लावायचं नाही. इंग्रजी अक्षराला कॉम्प्युटरमध्ये एक बाइट जागा पुरते, आपलं मराठी एकेक अक्षर तीन-तीन बाइट्स खातं. बोर्डावर काढण्याआधी त्या बाइट्सच्या माळेची, म्हणजे मल्टिबाइट स्ट्रिंगची, वाइड स्ट्रिंग करावी लागते, म्हणजे प्रत्येक अक्षराला आपापली ऐसपैस जागा मिळते. पण साहेबांनी नावासाठी जागा ठेवली ती इंग्रजी नावांच्या मापाची. लांब नाव आलं की शेवटचं अक्षर मधोमध कापलं जातं. रूपांतर करणारं फंक्शन त्या तुकड्यापाशी अडतं आणि उणे एक परत देतं. बिचारं एवढंच सांगत असतं की मला हे वाचता येत नाही. साहेबांचा प्रोग्राम मात्र अख्खं नावच फेकून देतो.

मी म्हटलं, कापायचंच तर अक्षर संपतं तिथे कापू, दुपारपर्यंत करून देते. ते म्हणाले, दवाखान्याची तक्रार नाही, उगाच उकरून काढू नकोस. लांबलचक नावं म्हाताऱ्यांचीच असतात, असंही वर म्हणाले आणि हसले.

माझ्या मावशीचं नाव लांबलचक आहे. स्वतःचं, नवऱ्याचं आणि आडनाव, तिन्ही ती ठासून लिहिते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आता तिला ऐकू येत नाही आणि हृदयाची झडप कामातून गेली आहे. गेल्या खेपेला ती सकाळभर बोर्डाकडे टक लावून बसली. नाव आलंच नाही, डॉक्टर निघून गेले आणि ऑपरेशन लांबलं. हल्ली जिना चढताना तिचे ओठ निळे पडतात. आज तारीख मिळायलाच हवी होती. मी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आपटला आणि दवाखाना गाठला.

तिथे फिनेलचा वास आणि बाकांवर दाटीने माणसं. मावशी शेजारच्या बाईंना, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात, सांगत होती, "हा बोर्ड माझ्या भाचीच्या ऑफिसात होतो बरं का!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात बोर्ड लुकलुकला. नावाच्या जागी काहीच नाही, पुढे नुसतं 'खोली चार'. आणि चार-पाच म्हातारी माणसं एकदम उठून उभी राहिली. मला वाटलं आता जुंपणार. पण ओळ रिकामी आली की आधी आलेल्याने जायचं, असं त्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. तुम्ही कधी आलात, मी कधी आले, असं हळू आवाजात विचारून एकेक जण गुपचूप खाली बसला. शेजारच्या बाईंनी मावशीच्या हाताला हात लावून खूण केली. मावशीने त्यांचे आभार मानले, पिशवी काखोटीला मारली आणि माझा दंड धरून चालू लागली. कुणाचीच कुणाबद्दल तक्रार नव्हती, आणि त्याचाच मला संताप आला.

खोलीच्या दारात वॉर्डबॉय मोबाइलमध्ये तोंड खुपसून उभा होता. मान वर न करताच त्याने विचारलं, "नाव?"

मी तोंड उघडणार, तोच मावशीने त्याच्या ओठांवरून प्रश्न ओळखला. तिने मागे वळून बोर्डाकडे बोट दाखवलं.

"ती रिकामी ओळ आहे ना, ती मी," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली आणि दार उघडून दिलं.