तंदूरवरचा आळ

मी मर्गिलान शहरातल्या एका अंगणातला तंदूर. जन्माने माती आणि मेंढीची लोकर. एका कारागिराने दोन्ही एकत्र तुडवली, घडवून उन्हात वाळवली, आतून सरकीचं तेल चोळलं आणि मला होसियतच्या अंगणात बसवून दिलं. पोट मोठं, तोंड लहान. त्यामुळे मी ऐकतो पुष्कळ, बोलायची ही पहिलीच वेळ.

होसियत नान भाजून विकायची. खांद्यापर्यंत हात माझ्यात घालून ती नान माझ्या भिंतीवर थापायची. सगळा महल्ला ते खायचा, तीही खायची.

मग तिचे सांधे दुखू लागले. आधी बोटं, मग मनगटं, मग गुडघे. मांड्या अशा आखडायच्या, की सकाळी अंगणातल्या खाटेवरून उठायला तिला कुणाचा तरी हात लागायचा.

दोषी ठरायला वेळ लागला नाही.

"या तंदूरमुळेच," तिचा नवरा एर्गाश म्हणाला. "आगीत वाकायचं, मग गार वाऱ्यात यायचं. सांधे धरणारच."

मला विझवण्यात आलं. नान शेजारून येऊ लागले. उन्हाळाभर मी थंड पडून होतो, तिचं दुखणं मात्र तसंच राहिलं. मी सुटलो, पण कुणी तसं बोलून दाखवलं नाही. पुन्हा लाकडं घातली, इतकंच.

"डॉक्टरांच्या एक्स-रेत काही नाही, रक्तात काही नाही," तिची सासू सालोमत म्हणाली. "मग दुखतंय कुठे? जिभेत?"

आपण आळशी तर झालो नाही ना, असं होसियतलाही वाटायला लागलं होतं. त्या दिवशी पीठ मळता मळता ती रडली आणि पीठ जरा सैल झालं.

शेवटी ती फरगाना शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. परत येऊन माझ्याजवळच बसली.

"बाई म्हणतात, काहींना गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही. पोट गप्प राहतं आणि सांधे ओरडतात. माझं तेच आहे, असं नाही म्हणाल्या. पण तपासणी होईपर्यंत नान सोडायचा नाही. सोडला तर रक्तात काही कळणार नाही."

"म्हणजे नानने दुखतं, आणि ते कळायला नानच खायचा?" एर्गाशने विचारलं.

"हो."

"शिकलेली बाई दिसते," एर्गाश म्हणाला.

तपासणीत ठळक असं काही निघालं नाही. तरी बाईंनी आपल्या देखरेखीखाली काही महिने गहू सोडून बघायला सांगितलं. होसियत भात, मटण आणि मक्याची भाकरी खाऊ लागली. त्या भाकरीला गव्हाचं पीठ लागू नये म्हणून एर्गाशने माझ्या शेजारी एक छोटा तंदूर बसवला. मी त्याच्याशी बोलत नाही.

हळूहळू तिची बोटं मोकळी झाली. एका सकाळी तिने स्वतःची वेणी स्वतः घातली. एकदा मोह झाला आणि तिने अर्धा नान खाल्ला, तर पुढचा आठवडा खाटेवर गेला. गव्हामुळेच का, ते बाईही छातीठोकपणे सांगेनात.

अशातच तिच्या मुलीची, हुर्लिकोची सोयरीक ठरली. आमच्याकडे सोयरीक नान मोडून पक्की होते आणि दोन्ही आया त्याच नानचा तुकडा खातात. नान माझ्याच पोटातून निघाला होता. विहिणीने तुकडा पुढे केला. होसियत थांबली.

"घ्या ना," विहीण म्हणाली. "की आमचं नातं कडू लागतंय?"

हुर्लिको पांढरीफटक पडली. होसियतने तिच्याकडे पाहिलं आणि तुकडा घेतला. ती खाणार होती. तेवढ्यात सालोमतने तो तिच्या बोटांतून काढून घेतला.

"तिच्या सांध्यांना गहू चालत नाही."

"असं कधी ऐकलं नाही बाई."

"मीही ऐकलं नव्हतं. नाटक करते, असं मीच म्हणाले होते तिला. मुलगी देतोय तुम्हाला, आता आईचे गुडघेही हवेत का?"

म्हातारीने तुकडा तोंडात टाकला. दात थोडेच होते, त्यामुळे चावायला फार वेळ लागला.

"मग या खातात काय?" विहिणीने अखेर विचारलं.

मक्याची भाकरी आली. विहिणीने ती मोडली, अर्धी होसियतला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. "कोरडी आहे जरा," ती म्हणाली, आणि आणखी एक तुकडा घेतला. सोयरीक झाली.

आता माझ्यात नान एर्गाश थापतो. पिठाच्या धुरळ्यात होसियतने राहू नये म्हणून. त्याचे नान गोल नसतात, पण गिऱ्हाईक सवयीचं आहे. मला दोन तडे गेलेत. माझ्या नानवरचा आळ पुरता गेलेला नाही आणि सिद्धही झालेला नाही. अशा अवस्थेतही जगता येतं, हे मी होसियतकडून शिकलो. तिचे काही सांधे अजून दुखतात. पण आता दुखतंय म्हटल्यावर घरात कुणी 'कुठे' असं विचारत नाही, सरळ जागा करून देतात.

भाजणं संपलं की ती माझ्या बाहेरच्या भिंतीला पाठ टेकून बसते. काल म्हणाली, "अहो, दोन लाकडं अजून घाला."

"नान झाले की सगळे," एर्गाश म्हणाला.

"नानसाठी नाही. उजवा खांदा शेकायचा राहिलाय."

त्याने लाकडं घातली.