देणार, घेणार

“आई, निघालीस का?” लेकीने सकाळपासून चौथ्यांदा फोन केला होता.

“दोनच्या बसने बदलीची नर्स येतेय गं. सव्वादोनला तीच बस माघारी फिरते, त्यात बसते.”

लेकीचं पहिलं बाळंतपण. ती शहरात कळा सोसत होती, आणि आसपासच्या गावांतली निम्मी पोरं जिच्या हातात जन्मली, त्या आईला दोन दिवसांच्या रजेसाठी तीन अर्ज खरडावे लागले होते.

गावातल्या रुग्णालयात नर्सच्या जागा चार, सिस्टर एकच, ती हीच आई. पाळी बदलली की चार्ज रजिस्टरमध्ये ‘देणार’ आणि ‘घेणार’ अशा दोन सह्या लागतात. सहा वर्षं दोन्ही सह्या सिस्टरच ठोकत होत्या. तपासणीच्या साहेबांनी नोंदी चोख असतात म्हणून कौतुकही केलं होतं. डोंबलाचं कौतुक!

बस आली. तरुण नर्स धापा टाकत आत आली. सिस्टरांनी तिला किल्ल्या दिल्या, आतल्या पहिलटकरणीची सगळी माहिती दिली, ‘देणार’पुढे सही केली आणि त्याच झपाट्यात ‘घेणार’पुढेही.

नर्सच्या सहीला जागाच उरली नाही.

“खोडते,” सिस्टर म्हणाल्या.

“खाडाखोड चालत नाही,” क्लार्क खुर्चीतून न हलता म्हणाला. “कागदावर चार्ज तुमच्याकडेच. वरून लेखी आणा.”

“अरे बाबा, हात चालला सवयीने! लेक वाट बघतेय माझी!”

नर्सने किल्ल्या हळूच टेबलावर ठेवल्या. “ताई, रागावू नका. सहीशिवाय इथे काही झालं तर मीच मरणार. आणि तिकडे माझ्या वॉर्डात आत्ता शिपाई सलाइन बघतोय.”

सिस्टरांच्या तोंडात शिवी आली होती. पण पोरीचे डोळे जागरणाने तांबारलेले होते.

“जा बाई,” त्या म्हणाल्या. ती त्याच बसने परत गेली.

आत पहिलटकरीण किंचाळली, तेवढ्यात फोन वाजला. सिस्टरांनी तो स्पीकरवर टाकून खिडकीत ठेवला.

“आई, मला आत नेतायत. कुठे पोचलीस?”

सिस्टरांना रडू फुटत होतं, पण वेळ नव्हता. “घाबरू नकोस. लांब श्वास घे. असा. अजून एक.”

“कुणाला सांगतेयस, आई?”

“दोघींना,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी हातमोजे चढवले.