भाकरीची कंपनी

फौजेतनं पेन्शन घेऊन लालासाहेब इस्लामपूरजवळच्या आपल्या गावी आला तेव्हापासून त्याच्या ताटात रोज अर्धी भाकरी उरत होती. त्याच्या बायकोनं, बनुबाईनं, झुणका करून पाहिला, खरडा करून पाहिला, शेवटी अंड्यावरची कोंबडी कापली. तरी तेच. घरची रीत अशी की आधी बाप्यानं जेवायचं आणि मागनं त्याच ताटात बाईनं. म्हणजे ती उरलेली भाकरी बनुबाईच्याच घशाखाली उतरायची, आणि ती काही गोड लागायची नाही.

एक दिवस त्यानं सांगूनच टाकलं, की कोयनानगरला राखणदाराची जागा आहे, सोमवारी निघतो. तिथं मेस आहे, म्हणाला. बनुबाईनं त्याचं ताट उचललं. फौजेत होता तोवर वाट बघणं समजत होतं. आता कशाची बघायची?

अशात तिचा धाकटा भाऊ आकाराम आला. तो हायस्कूलला इंग्रजी शिकवायचा, आणि शब्दांची कुळं काढायचा त्याला भारी नाद. दोघं पुरुष जेवायला बसले. लालासाहेब 'आमची कंपनी' म्हणत फौजेतल्या गोष्टी सांगत सुटला आणि बोलता बोलता तीन भाकरी खाऊन गेला. बनुबाई परात धरून बघतच राहिली. भाकरी रोजचीच, हातही रोजचाच.

आकारामला तेवढंच निमित्त.

"दाजी, कंपनी म्हंजे मुळात काय, ठावं हाय का? जुन्या लॅटिनात 'कॉम' म्हंजे संगट, 'पानिस' म्हंजे भाकरी. एकत्र भाकरी खाणारी माणसं, ती कंपनी. कारखान्याची, पलटणीची कंपनी मागनं झाली. आपला पावबी त्याच कुळातला, पोर्तुगिजांनी आणलेला."

लालासाहेबानं रिकाम्या ताटाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "खरं हाय. पलटणीच्या लंगरला जेवताना मांडीला मांडी लावून बसायचो."

दुसऱ्या दिवशी भाऊ गेला. बनुबाईनं नवऱ्याला वाढलं आणि आधी दाराला कडी घातली, कारण शेजारच्या चंद्राबाईला कधी यावं ते कळत नसे. मग दुसरं ताट घेऊन ती त्याच्यासमोर बसली. कान तापले होते तिचे.

"हे काय?"

"आवं, मलाबी भूक लागती. सरका जरा."

तो सरकला. आपली भाकरी मोडून अर्धी त्यानं तिच्या ताटात ठेवली, आणि खाली मान घालून जेवू लागला.

सोमवारी कोयनेची एसटी फाट्यावर थांबली असेल, नसेल. बनुबाईला बघायला सवड नव्हती. दोघांच्या ताटांसाठी पीठ आता जास्त मळावं लागत होतं.