चौदा नंबरचा उंदीर

"काका, चौदा नंबरच्या पुढं शून्य लिहा," सुकन्या म्हणाली.

हनुमंतानं पेन उचललं नाही. पिंजऱ्यातली लेंडी समोर कागदावर होती आणि तिला लागलेलं रक्त उघड्या डोळ्यांना दिसत होतं.

"शून्य कसं लिवू ताई? रक्त हाय की ढळढळीत."

नगरजवळच्या त्या फार्मसी कॉलेजात हनुमंत सोळा वर्षं उंदरांची देखभाल करत होता. प्रयोग साहेब लोकांचे. पिंजरे धुणं, वजन घेणं, लेंडीत रक्त किती ते तपासून वहीत शून्य ते तीन असा आकडा मांडणं, हे याचं काम. सुकन्या एम.फार्म.ची पोरगी, हुशार, पण घायकुतीला आलेली. आतड्याला जखमा होऊन रक्त पडतं ना, त्या कोलायटिसवर तिचा प्रयोग होता. हळदीतलं सत्त्व डोळ्यांना न दिसणाऱ्या नॅनोकणांत भरायचं, म्हणजे ते थेट सुजलेल्या आतड्यालाच जाऊन चिकटतं.

"हळदच ना? मग आमची गोजर कवाची डॉक्टर हाय," बायकोचं नाव घेऊन तो पहिल्या दिवशी हसला होता.

आज सुकन्या हसण्याच्या मनःस्थितीत नव्हती. "जगभर यावर ढिगानं पेपर निघतायत, काका. सगळ्यांचे उंदीर बरे होतात. माझे औषध दिलेल्या आठातले सात झाले. या एका चौदा नंबरापायी सगळा आलेख बिघडतोय. कुणाला कळणारे?"

"मला कळंल."

"तुम्हाला काय फरक पडतो?"

हनुमंतानं पिंजऱ्याची कडी लावली. मग म्हणाला, "नऊ वर्सं झाली, मला हेच दुखनं हाय."

हातमोजे काढता काढता सुकन्या थांबली.

"तिसगाव ते नगर, रस्त्यावरचा एकूण एक संडास मला पाठ हाय. करंजीच्या घाटात एसटी थांबत न्हाई, तितं देवाचं नाव घेत बसतो. हे औषध एक दिस माझ्या पोटात येनार, ताई. आठातल्या एकाला ते लागू पडत न्हाई, हे डॉक्टरला कळाया नको? तो आठवा मीच असलो म्हंजी?"

"गाईड सर ओरडतील हो." तिचे डोळे भरले.

"वरडू द्या. मी उभा ऱ्हातो तुमच्यासंगं. पन खोटं शून्य मी लिवनार न्हाई."

तिनं उरलेला हातमोजा काढून टाकला. शेवटी तिनंच वही ओढली, चौदाच्या पुढं तीन लिहिलं आणि खाली सही ठोकली. हनुमंताचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळच्या एसटीत मात्र त्याला चैन पडेना. लोका सांगे ब्रह्मज्ञान! तीन आठवडे त्याला स्वतःला पुन्हा रक्त पडत होतं आणि घरी तो रोज 'बरं हाय' म्हणत होता. गोजरला कळलं तर ती नोकरी सोडायला लावील, ही धास्ती.

घरी गोजरनं ताट वाढलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "पोट बरं हाय ना?"

घास हातातच राहिला. "न्हाई," तो म्हणाला. "रक्त पडतंय. तीन आठवडं झालं."

गोजरनं त्याच्या ताटातला ठेचा काढून घेतला आणि मऊ भात वाढला. पदरानं डोळे पुसले. "उद्या मी बी येते दवाखान्यात."

"नोकरी सोडनार न्हाई मी, गोजर."

"सोडा म्हनलं का मी? जेवा आदी," ती म्हणाली. "आन् घाटात लागली तर सांगा. एसटी मी थांबवते."