राखणदारणीचा कोट

फोन आला तेव्हा तो नाटकगृहाच्या खुर्च्यांच्या रांगेत पालथा पडून एका सीटचं जुनं रेक्झिन उपटत होता. तोंडात बारीक खिळे धरलेले, त्यामुळे फोन कानाला लावून त्याने नुसतं 'हं' केलं. पलीकडे बायकोच्या स्टुडिओतले साहेब होते. वयाने लहान, एरवी घडाघडा बोलणारा माणूस, आज अडखळत होता.

"दादा, कुठे आहात? बसलेले आहात का?"

"हं."

"ताई टेबलावरच कोसळल्या. आम्ही लगेच हॉस्पिटलात आणलं. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणतात. डॉक्टरांनी खूप केलं, पण..."

त्याने एकेक खिळा तोंडातून काढून खुर्चीच्या हातावर ठेवला. सगळे काढून झाल्यावर म्हणाला, "आता बोला."

"दादा, ताई गेल्या."

त्याने खिळे डबीत भरले, झाकण लावलं, वॉचमनला सांगितलं की उरलेली रांग उद्या करतो, आणि निघाला.

खरं म्हणजे आधी जायचं होतं ते त्याने. घरात हे ठरल्यासारखंच होतं. मागे एकदा छातीत कळ येऊन तो दुकानातच आडवा झाला होता, हृदयाच्या नळीत जाळी बसवावी लागली होती. तेव्हापासून तो बायकोला सगळं शिकवायला लागला. पाण्याची मोटार कशी चालू करायची, फ्यूज कुठला, विम्याचे कागद कुठल्या खणात, दुकानाचं शटर अडकलं तर नेमकी कुठे लाथ घालायची.

"मी गेल्यावर तुझी फजिती नको," असं तो म्हणाला की ती हाताला येईल ते फेकून मारायची.

"जिभेला काही हाड? जेवताना तरी नीट बोला."

"खरं तेच बोलतोय."

"मग शटर तुम्हीच लाथाडा. मला नाही शिकायचं."

पण शिकली सगळं. आणि त्याला मात्र तिने काही म्हणजे काही शिकवून ठेवलं नव्हतं. मीठ कुठल्या बरणीत आणि साखर कुठल्या, इथून त्याची सुरुवात होती.

ती कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी पात्रं काढायची. शिंगं असलेल्या राण्या, ढगात राहणारे शिपाई, नदी गिळणारे राक्षस. खेळात पात्र पडद्यावर येतं, घटकाभर उभं राहतं आणि खेळणारा पुढे निघून जातो. तेवढ्यात त्याचं अख्खं आयुष्य दिसलं पाहिजे, हा तिचा हट्ट. ते दिसायचं अंगावरच्या कपड्यातून आणि मागच्या खोलीतून. राणी असली तरी तिच्या झग्याला कुठेतरी ठिगळ असायचंच, म्हणून स्टुडिओत तिला सगळे ठिगळताई म्हणत. तिला ते आवडायचं.

जेवताना विचारायची, "अहो कारागीर, सांगा बघू. हा शिपाई रोज ढाल पाठीवर वाहतो. याचा अंगरखा कुठे विरेल?"

"खांद्यावर. पट्टा घासतो तिथे."

"आणि शिवला कुणी?"

"त्यानेच. शिपायाला कोण बसलंय शिवून द्यायला?"

"मग टाके?"

"हे एवढाले. पोतं शिवल्यासारखे."

कुणाचं, कुठे फाटलं, कुणी शिवलं. हे विचारल्याशिवाय ती रेघ ओढत नसे. त्याला राण्या-राक्षसांतलं काही कळत नव्हतं. बसच्या सीटा आणि सोफे शिवण्यात त्याचा जन्म गेला होता. पण कापड कुठे दम सोडतं ते त्याला कळायचं, आणि तेवढं तिला पुरायचं. असे कितीतरी लोक त्या दोघांनी आमटी-भात खाता खाता उभे केले होते. फक्त शेवटचं पात्र तिने त्याला दाखवलं नव्हतं. तो मागे येऊन उभा राहिला की स्क्रीन हाताने झाकायची. "होऊ दे पुरी. मग दाखवते."

सगळं उरकलं, माणसं पांगली. सासू तेवढी मागे राहिली. म्हातारी काटक होती आणि लेकीसारखीच अंगाने बारीक. दोघांत बोलायला काही उरलं नव्हतं. तिने 'जेवलात?' विचारायचं, त्याने 'जेवलो' म्हणायचं, आणि दोघांनाही ठाऊक असायचं की तो जेवलेला नाही. दुकानाचं शटर बंदच होतं.

अशात एक दिवस साहेब घरी आले. हातात चित्राची मोठी छापील प्रत होती.

"ही राखणदारीण," ते म्हणाले. "ढगातल्या एका ओसाड गडावर एकटी राहते. ताईंचं शेवटचं काम. खेळ बाहेर पडेल तेव्हा हिलाच पुढे ठेवायचं ठरवलंय. जवळपास पुरी झालीय, डावी बाही तेवढी नुसती रेघेत आहे. आमच्यातल्या कुणाला हात लावायचा धीर होत नाही. ताई सगळं तुम्हाला विचारायच्या ना? तुम्ही एकदा नजर घालाल?"

ती गेल्यापासून लोक त्याला पाणी देत होते, धीर देत होते, बसा म्हणत होते. काम कुणी सांगितलं नव्हतं. त्याने टेबल पुसलं, प्रत पसरली, कानावर पेन्सिल ठेवली.

दारात एक बाई उभी होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, मागे खोली. अंगावर जाड कोट. कोट बघितला आणि त्याच्या जिवाची तगमग सुरू झाली. खांदे उतरलेले, बगलेत कापडाचा झोळ. उजवी बाही दुमडलेली, पण घडी अशी वेडीवाकडी की लहान पोराने घातली असावी. काजं भलत्याच बाजूला. कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं जादा भोक आणि टोक लोंबतंय. आयुष्यभर त्याने सैल कापड ताणून बसवलं होतं. सुरकुती दिसली की त्याच्या बोटांना खाज सुटायची.

त्याने साहेबांना फोन लावला. "कोट मापात नाही. खांदे आत घ्या, झोळ काढा, काजं उजवीकडे करा, बाईचा कोट आहे. बाह्या मनगटापर्यंत आणा, ती घडी नको."

"ताईंनी मुद्दाम तसं ठेवलं नसेल ना, दादा?"

"असा गबाळा झोळ मुद्दाम कोण ठेवेल? डोकं दुखायचं तिचं तेव्हा. हात चळला असेल."

त्यांनी त्याने सांगितलं तसं केलं. चित्र दुरुस्त होऊन आलं, त्याने नीट पाहिलं आणि कळवलं, "आता बसला." सोफ्यावर रेक्झिन बसावं तसा कोट तिच्या अंगावर बसला होता. त्या दिवशी तो खरंच जेवला. सासू वाढता वाढता म्हणाली, "काम मिळालं की तुमच्या पोटाला जाग येते वाटतं." त्याला हसूही आलं.

खेळ बाहेर पडल्यानंतरची गोष्ट. सकाळी थंडी मी म्हणत होती. तो दात घासत खिडकीत उभा होता आणि खाली रस्त्यावरून एक बाई कचऱ्याची बादली घेऊन परत येत होती. अंगावर ढगळ कोट. खांदे उतरलेले, बगलेत झोळ, उजव्या बाहीची घडी वेडीवाकडी. ब्रश तोंडात तसाच राहिला. राखणदारीणच चालत येत होती.

सासू होती ती. दार ढकलून आत आली आणि त्याच्याकडे बघून थबकली.

"असे काय बघताय? चोरला नाही तुमचा कोट. कचऱ्याची गाडी निघून चालली होती, हाताला लागला तो चढवला."

"आई, ती बाही कुणी दुमडली?"

"कोण दुमडणार? मीच. स्वतःची उजवी बाही डाव्या हाताने दुमडून बघा एकदा, कशी होते ती."

त्याने चूळ भरली आणि जुनी प्रत बाहेर काढली. या खेपेला त्याने माप घेतलं नाही. तिने शिकवलं होतं तसं विचारत गेला. कोट कुणाचा? पुरुषाचा, काजांवरून उघड होतं. कुठल्या पुरुषाचा? कॉलरच्या आत काहीतरी चकाकत होतं. आधी त्याला ती सजावटीची पिन वाटली होती. ती बाकदार सुई होती. सोफे शिवणारा माणूस सुई हरवू नये म्हणून कॉलरच्या आत टोचून ठेवतो. तो ठेवायचा. पट्टाही त्याच माणसाचा, जाड कमरेचा, म्हणून आत भोक पाडावं लागलं. मागच्या खाटेची एक बाजू वापरून खचलेली, दुसऱ्या बाजूला चादरीची घडी जशीच्या तशी. आणि दार. दाराच्या खालच्या कोपऱ्यात रंग उडालेला, लाथा घालून घालून लाकूड झिजलेलं. खुणा लहान पावलाच्या होत्या.

राखणदारीण विधवा होती. मेलेला माणूस तो होता.

जेवताना नुसता शब्द काढला तर चिडणारी त्याची बायको एकटी बसून हे शेवटपर्यंत बघून आली होती. तो गेल्यावर ती कुठे झोपेल, काय पांघरेल, दार कसं उघडेल. म्हणून स्क्रीन झाकत होती. आणि त्याने काय केलं? त्याचा कोट त्या बाईच्या अंगावरून काढून घेतला, आणि तिच्या मापाचा दुसरा शिवून घातला.

"काय झालं?" सासूने विचारलं.

"मी तिचं चित्र बिघडवलं, आई."

म्हातारीने प्रतीकडे पाहिलं, स्वतःच्या अंगावरच्या कोटाकडे पाहिलं. कोट काढून त्याच्या हातात दिला.

स्टुडिओच्या दारातच राखणदारणीचं माणसाहून उंच पोस्टर होतं, दुरुस्त केलेलं. बाई ऐटबाज दिसत होती. कुणी शिपायाशी लग्न लावून द्यावं अशी.

"लोकांना कोट फार आवडलाय, दादा," साहेब आनंदाने म्हणाले.

त्याने सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरत गेला. "पण तुम्हीच सांगितलंत ना," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो, म्हणूनच जास्त लागला. "पोस्टरं गेली, खेळ लोकांच्या हातात आहे. आता माझ्याकडे एकच वाट आहे. आम्ही अधूनमधून खेळ दुरुस्त करून पुन्हा देतो, त्या वेळी मूळ चित्र आत घालता येईल. पण पूर्ण हवं. अर्धं चित्र वरचे लोक घेणार नाहीत."

"मूळ आहे का?"

"आहे," बायकोच्या शेजारच्या टेबलावर बसणारी चित्रकार बाई म्हणाली. "मी जपून ठेवलंय. ठिगळताईंची फाइल मी पुसेन होय?" तिने ते उघडलं. "डावी बाहीच तेवढी बाकी. दादा, तुम्ही सांगा, मी काढते. कोट आणलाय ना? द्या इकडे."

तिने त्याचा कोट अंगात घातला. हात बाह्यांत बुडाले. उजवी बाही तिने डाव्या हाताने दुमडली, ती चित्रातल्यासारखीच वेडीवाकडी झाली. "बघा! आता डावी. ही उजव्या हाताने होणार, म्हणजे नीट होणार. बरोबर?" तिने दोन चापून घड्या घातल्या आणि हात पुढे केला.

"बरोबर."

ती बसली आणि काढायला लागली. हात चांगला होता तिचा. थोड्या वेळात बाही झाली. घडी सरळ, कडेला दोरा उसवलेला, कापडाचं वजन दिसत होतं. कुणीही म्हटलं असतं की हे एकाच हाताचं काम आहे.

तो बघत राहिला.

"नको," तो म्हणाला.

"काय चुकलं?"

"चुकलं काहीच नाही. पण तिने डावी दुमडली असती का?"

"म्हणजे?"

"उजव्या हाताने किल्ली फिरवायची, म्हणून ती बाही दुमडली. डावी तिने तशीच सोडली असेल, हातावर लोंबती. थंडी असते तिथे. किंवा नसेल सोडली. मला नाही माहीत."

"तुम्हाला नाही माहीत तर मग कुणाला?" ती हळूच म्हणाली. "एवढी सगळी पात्रं तुम्हीच तर सांगितलीत."

"ती सांगितली. तिथे मी तिच्यासमोर बसलेलो असायचो. इथे मी मेलोय, ताई. मेलेल्याला काय माहीत, मागे बाईने बाही दुमडली की नाही ते."

साहेबांनी घसा साफ केला. "दादा, कुठली तरी एक धरा. दोन्ही चांगल्याच दिसतील."

"दिसतील," तो म्हणाला.

चित्रकार बाईने आपली बाही पुसली. मूळ कच्ची रेघ परत दिसू लागली, दुमडलेली की लोंबती ते तिच्यावरून कळत नव्हतं. तिने कोट काढला, नीट झटकला आणि त्याच्या हातात दिला. साहेबांनी सांगितलं की थांबता येईल तितकं थांबतो, पण खेळाची नवी आवृत्ती कुणासाठी अडून राहत नाही. तो मान हलवून निघाला.

दुकान त्याने पुन्हा उघडलं आहे. नाटकगृहाची रांगही संपवली. संध्याकाळी सासू वाढते आणि तो जेवतो. जुनी प्रत टेबलावरच पडलेली असते, तिच्या कडेने दोघं ताटं मांडतात. स्टुडिओतून अधूनमधून विचारणा होते. तो म्हणतो, अजून नाही. दारातल्या पोस्टरवर दुरुस्त केलेला कोटच आहे.

डावी बाही काढायची राहिली आहे.