उशीर माझ्या नावावर

बॉनेट उघडलंत तरी मी चटकन दिसणार नाही. इंजिनाच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या झाकणाखाली, गोगलगाईसारखा गुंडाळून बसलेला एक लोखंडी तुकडा दिसला, की समजा तोच मी. मी टर्बो, एका डिझेल गाडीचा. माझ्याबद्दल तुम्ही एवढंच ऐकलं असेल, की मी उशिरा उठतो. ते खरंही आहे. पण माझ्या नावावर जेवढा उशीर लागला, तेवढा सगळा माझा नव्हता. आज तेच सांगायचंय.

इंजिन जो धूर बाहेर टाकतं, त्या धुराच्या जोरावर माझं एक चाक फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा ओढून इंजिनाच्या छातीत कोंबतं. हवा मिळाली की इंजिनाला बळ येतं. आता उभ्या गाडीत धूरच कमी, तर मी फिरू कशाच्या जोरावर? म्हणून ॲक्सिलरेटरवर पाय दाबल्यावर गाडी उसळेपर्यंत एक क्षण जातो. त्यात आमची गाडी ऑटोमॅटिक. गिअर टाकणार गिअरबॉक्स, आणि तो गृहस्थ विचार केल्याशिवाय हलत नाही.

कारखान्यात एका बाईंनी माझा तोल साधला. चाक फिरवून बघायच्या, कणभर धातू खरवडायच्या, पुन्हा फिरवायच्या. "मिनिटाला लाखावर फेरे घ्यायचेत बाबा तुला, डगमगू नकोस," असं पुटपुटायच्या. माणसं यंत्रांशी बोलतात, हे मला जन्मापासून ठाऊक आहे.

मी ज्यांच्याकडे आलो, त्या काकांनी चौतीस वर्षं शहराची बस चालवली होती. काकू त्याच बसच्या कंडक्टर. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे निघा. घरात कुणाचं चालायचं ते मला माहीत नाही, पण बसमध्ये काकूंचं चालायचं. दोन घंट्या झाल्याशिवाय काकांनी कधी चाक हलवलं नाही.

निवृत्तीनंतर काकांच्या डाव्या गुडघ्याने संप पुकारला. क्लच दाबवेना, म्हणून मुलीने ही बिनक्लचची गाडी पसंत केली. पहिल्याच दिवशी काकांचा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि धाडकन ब्रेकवर पडला. काकूंचा चष्मा डॅशबोर्डवर.

"बस असती तर तीस माणसं लोळवली असतीत आत्ता!" काकू म्हणाल्या, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

गाडीत घंटी नव्हती. मग काकू बोटातल्या अंगठीने डॅशबोर्डवर टकटक करायच्या. त्यांचं घर एका अरुंद गल्लीत होतं आणि गल्ली थेट मोठ्या रस्त्याला मिळायची. तिथे भरधाव गाड्यांमधली फट बघून घुसावं लागे. रस्ता मोकळा दिसला की काकूंची टकटक, मग काकांचा पाय, मग मी. रोजचा हा क्रम होता आणि मला तो फार आवडायचा. घरी आल्यावर काका लगेच इंजिन बंद करत नसत. "तापलाय तो. जरा दम खाऊ दे," म्हणत मिनिटभर बसून राहायचे. दोघं तिथेच दिवसभराचं बोलून घ्यायचे.

पाच-सहा वर्षं अशी गेली. मग टकटक झाल्यावर पाय पडायला वेळ लागू लागला. आधी एवढासा, मग थोडा जास्त. गाडीत बसलेल्याला हे कळणं अवघड. त्याला दिसतं एवढंच, की निघायचं ठरलं आणि गाडी निघाली नाही. त्या उशिरातला किती काकांचा आणि किती माझा, हे फक्त मला कळत होतं.

"याला पिकअपच नाही," काका सगळ्यांना सांगायचे. "आमचा टर्बो आंघोळबिंघोळ उरकून येतो कामावर."

लोक हसायचे. सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटायचं. मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू? पण आपला पाय मंदावलाय हे त्यांना कळण्यापेक्षा मी आळशी ठरलेला बरा, असं हळूहळू वाटू लागलं. मी गुपचूप नावं ठेवून घेतली.

एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी टकटक झाली. पाय पडेपर्यंत फट निम्मी संपली होती, उरलेली मी जागा होईपर्यंत संपली. टँकरवाल्याने हॉर्न दाबून धरत कशीबशी बगल दिली. संध्याकाळी हे ऐकून मुलगी आली. ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती.

"बाबा, गाडी दाखवून आणा. गाडीत दोष असेल तर प्रश्नच मिटला. नसेल, तर किल्ली मला द्यायची."

"निघेल गं दोष," काका म्हणाले. "त्या टर्बोचंच आहे सगळं."

मिस्त्री काकांचा जुना ओळखीचा, बस डेपोतलाच. त्याने मला तपासलं, तर माझ्या पात्यांवर काजळी धरलेली. हवेच्या रबरी पाइपला चीर. फिल्टर धुळीने गच्च.

"काका, हवा गळतेय. म्हणून दम धरत नाही गाडी."

काकांचा जीव भांड्यात पडला. तिथूनच मुलीला फोन. "सांगितलं होतं ना? गाडीच होती!" एवढ्या मोठ्याने बोलले, की बाजूच्या गाडीखालचा माणूस बाहेर डोकावला.

मिस्त्रीने मन लावून काम केलं. काजळी खरवडली, पाइप बदलला, गिअरबॉक्सचं तेल बदलून त्याचा प्रोग्रॅमही नवा टाकला. "मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी हा गिअरचा दांडा एस वर घ्या, एस म्हणजे स्पोर्ट. खालचा गिअर धरून ठेवेल, टर्बो आधीच जागा राहील." मग त्याने स्वतः चक्कर मारली. त्याचा पाय पडला आणि मी उठलो. मध्ये काही नाही. इतका हलका मी कारखान्यातही नव्हतो.

मग काका चालवायला बसले. मिस्त्री शेजारी, पाय कधी पडला तेही दाखवणारा स्कॅनर मांडीवर घेऊन.

"हं, चला काका."

मी तयार होतो. धुराची वाट बघत होतो. पाय आला नाही. मग आला.

आणखी तीन वेळा त्याने "चला" म्हटलं. तिन्ही वेळा तेच. त्याने स्कॅनर बंद केला आणि बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिला.

"गाडी झाली, काका," तो शेवटी म्हणाला. "आता हिच्यात काही राहिलं नाही."

काका खूश झाले. मला रडावंसं वाटलं. माझा उशीर काढून घेतला, आता त्यांचा उशीर लपणार कुठे?

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी त्यांनी दांडा एस वर घेतला. टकटक झाली. फट आली, मोठी, ऐसपैस. फट गेली. समोरून सायकलवर एक बाई येत होती, आणि तेव्हा काकांचा पाय पडला. मी जुना असतो तर रेंगाळलो असतो. पण मी दुरुस्त होतो. मी उसळलो.

काकांचे दोन्ही पाय एकदम खाली गेले, बसमध्ये जायचे तसे, एक ब्रेकवर आणि एक क्लचवर. क्लच नव्हताच. चौतीस वर्षांच्या सवयीने दोन्ही ब्रेकवर पडले. गाडी सायकलपासून वीतभर अंतरावर थांबली. बाईंनी काकांकडे बघितलं आणि त्या निघून गेल्या.

"हा टर्बो..." काकांनी सुरुवात केली. वाक्य पुरं झालं नाही.

काकूंचा हात डॅशबोर्डवर आला. अंगठी वाजली. एकदाच.



"चौतीस वर्षांत माझी घंटी कधी मोडली नाहीत तुम्ही," काकू म्हणाल्या.

"आज तरी कशाला मोडू?" काका म्हणाले.

त्यांनी गाडी हळूच मागे गल्लीत घेतली. दांडा पार्किंगच्या पी वर टाकला. इंजिन मात्र लगेच बंद केलं नाही, मला दम खायला मिनिटभर दिला. खाली उतरल्यावर काकांनी बॉनेटवर हात ठेवला. "उगाच नावं ठेवली रे तुला," म्हणाले.

आता मुलगी चालवते. तिचा पाय चपळ आहे. घरी पोचली की मी तापलेला असतानाच इंजिन बंद करून जाते, मग माझ्या अंगातलं तेल आतल्या आत करपतं. फार दिवस काढीन असं वाटत नाही. तिच्याबद्दल तक्रार नाही, तिला कामं असतात.

काकू मागे बसतात. टकटक कुणी करत नाही. काका पुढच्या सीटवर, मुलीच्या शेजारी. गल्लीच्या तोंडाशी फट आली, की मुलगी पाय दाबते आणि मी तिला हवा देतो. आम्ही रस्त्याच्या मध्यावर पोचतो, तेव्हा काकांचा उजवा पाय खालच्या चटईवर दाबला जातो. तो आवाज मला ऐकू येतो. त्यांनाही येत असावा, कारण मग ते खिडकीबाहेर बघतात.

मिस्त्री, तुझे हात चांगले आहेत. पण जमलं तर तो पाइप पुन्हा चीर. मला आळशी म्हणा, पिकअप नाही म्हणा, चारचौघांत हसा. मी ऐकून घेईन. तो उशीर माझा होता तेव्हा आम्ही सगळे सुखात होतो.